पाणमांजराच्या छातीचा एक्स-रे

धारवाडात माणसांच्या छातीचे एक्स-रे काढण्यात माझी बावीस वर्षं गेली. दमेकरी, जुने खोकलेकरी, कारखान्यातल्या धुळीनं बेजार झालेले कामगार, सगळ्यांना मी "श्वास घ्या, धरून ठेवा" म्हणत आले. निम्म्यांना मराठीत, निम्म्यांना कन्नडमध्ये.

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी शेजारच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. त्या जनावरांच्या डॉक्टर. हळियाळ रस्त्यावर एका पाणमांजराला गाडीनं उडवलं होतं आणि वनरक्षक ते त्यांच्या दवाखान्यात घेऊन आले होते.

"मशीन आहे हो, पण हिची छाती नीट येईना. येता का जरा?"

मी गेले. टेबलावर दोनेक हात लांबीची तपकिरी मादी भूल देऊन निजवली होती. वनरक्षक अण्णा भिंतीशी उभे होते. "नीरुनायी, अक्का," ते म्हणाले. आपण हिला मांजर म्हणतो, कन्नडमध्ये ती पाण्यातली कुत्री.

भूल असूनही तिचा श्वास भरभर चालला होता, त्यामुळे पहिलं चित्र हललं. हिला श्वास धरायला सांगणार कोण? मी तिच्या बरगड्यांवर नजर ठेवून दोन-चार श्वास जाऊ दिले आणि छाती पुरती फुगली त्या क्षणी बटण दाबलं.

उजवीकडच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठल्यामुळं ते आक्रसलं होतं. बाईंनी बरगड्यांमधून सुई घालून ती हवा सिरिंजनं ओढून काढली. चार-पाच वेळा काढल्यावर श्वासासाठी चाललेली तिच्या पोटाची ओढाताण थांबली. अण्णा तेव्हा कुठं स्टुलावर टेकले.

तिसऱ्या दिवशी ड्यूटीआधी परत गेले. हवा पुन्हा साठली नव्हती, पण डाव्या फुप्फुसात खाली पांढरं दिसत होतं.

"न्युमोनिया," मी बोलून गेले आणि जीभ चावली. निदान करणं माझं काम नव्हे.

"बरोबर ओळखलंत," बाई म्हणाल्या. "पहिल्या चित्रातही तिथं पुसटसं दिसत होतं, हा धडकेच्या आधीपासूनचा असेल. दम लागत असणार, म्हणून रस्ता झटकन ओलांडता आला नाही."

मग पाच आठवडे औषधं चालली. माशाच्या पोटात गोळी भरून दिली, तर ती मासा फस्त करी आणि गोळी तेवढी थुंकून टाकी. शेवटी आम्ही गोळीची पूड करून माशात चोळू लागलो. ज्या घरात अंडंसुद्धा येत नाही, तिथली मी, रोज संध्याकाळी तिच्यासाठी मासे चिरायला बसत होते. घरी कळल्यावर नवऱ्यानं एवढंच विचारलं, "खाते ना नीट?"

शेवटच्या चित्रात फुप्फुसं स्वच्छ आली. बरगड्या जुळल्या होत्या, एक जराशी वाकडी.

आमच्याकडं माणूस येतो, चित्र काढून जातो. पुढं तो बरा झाला की नाही, हे सहसा कळत नाही. म्हणून सोडायला मी हट्टानं गेले. दांडेलीच्या अलीकडं काळी नदीच्या काठी, अण्णांना जिथं नेहमी पाणमांजरांचा कळप दिसे, तिथं पिंजरा उघडला. ती बराच वेळ आतच बसून राहिली. इतक्यात पलीकडच्या खडकांतून बारीक शिट्टीसारखा आवाज आला. ती उठली, पाण्यात शिरली आणि थेट तिकडं पोहत गेली.

"आपल्या माणसांत गेली," अण्णा म्हणाले.

परतताना हळियाळला थांबून आम्ही तिघांनी चुरमुऱ्यांचं गिरमिट खाल्लं. बाईंनी दुसरी प्लेट मागवली. मीही.