काकूंचा गळ

गळ्यात 'प्रशिक्षणार्थी' असं ओळखपत्र अडकवून काकू पहिल्यांदा गादी कारखान्याच्या फाटकाशी आल्या, तेव्हा पहारेकऱ्याने अदबीने विचारलं, "मुलाला सोडायला आलात का?"

"नाही हो," काकू म्हणाल्या, "मलाच सोडलंय. ते बघा, व्हॅनमधून गेले."

काकूंचे यजमान शाळेची व्हॅन चालवायचे. पोरांना शाळेत पोचवून परत जाताना त्यांनी बायकोलाही तिच्या शाळेत पोचवलं होतं आणि जाताजाता दोनदा हॉर्नही वाजवला होता. काकूंना लाज वाटली आणि बरंही वाटलं.

वय चाळिशी ओलांडलेलं. त्याआधी आयुष्याची बरीच वर्षं काकूंनी एका मोठ्या इस्पितळात टेलिफोनवर काढली होती. मग इस्पितळाने 'चौकशीसाठी एक दाबा, तपासणीसाठी दोन दाबा' म्हणणारं यंत्र बसवलं आणि काकूंना गोड बोलून घरी बसवलं. घरी बसणं हे काकूंना जमणारं कामच नव्हतं. महिन्याभरात त्यांनी घरातलं प्रत्येक कपाट इतक्यांदा आवरलं, की लेकीला स्वतःचे मोजे सापडेनात. शेवटी लेकीनेच कॉलेजची ती योजना शोधून काढली. संगणकाच्या सुरक्षेची उमेदवारी. आठवड्यातले दोन दिवस वर्गात बसायचं, बाकीचे दिवस एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष काम शिकायचं. वर्ष संपलं की कंपनीची मर्जी. ठेवलं तर ठेवलं, नाहीतर टाटा.

"आई, वयाची अट नाही," लेक म्हणाली.

"अगं, मला तो पासवर्ड विसरायची सवय आहे."

"मग तुला बाकीच्यांचं दुःख कळेल."

वर्गातली पोरं लेकीच्या वयाची. त्यांनी पहिल्याच दिवशी 'काकू' करून टाकलं आणि ते नाव कारखान्यातही चिकटलं.

कारखान्यात त्यांना शिकवणारा माणूस म्हणजे एक वल्लीच होती. सगळ्या कारखान्याचे संगणक तो एकटा सांभाळायचा. तिशीतला, काटकुळा, आणि दुनियेवर काडीचा विश्वास नसलेला. त्याला सगळे शंकासुर म्हणायचे, काकू मात्र 'सर' म्हणायच्या. आपल्या आईचा वाढदिवसाचा मेलसुद्धा तो आधी तपासायचा आणि मग उघडायचा. उमेदवार हवा म्हणून मालकांच्या मागे लागलेलाही तोच. कारण एवढंच, की लोकांशी बोलायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. काकूंना तर माणसांशी बोलल्याशिवाय जेवण पचत नसे. जोडी जमली.

शंकासुराने काकूंना सगळं शिकवलं. चोर खोटा मेल कसा पाठवतो, त्यातल्या लिंकवर बोट दाबायला कसं लावतो, आणि एकदा कुणी दाबलं की तो कारखान्यात पाय पसरून कसा बसतो. लोक सावध राहावेत म्हणून शंकासुर स्वतःच अधूनमधून असले खोटे मेल सोडायचा. जो फसेल त्याच्या टेबलावर तो एक आ वासलेला प्लास्टिकचा मासा आणून ठेवी. पुढचा कुणी गळाला लागेपर्यंत मासा तिथेच. येणारा-जाणारा हसणार, हे ठरलेलं. गोदामवाल्या काकांकडे तो मासा एकदा इतके दिवस मुक्कामाला राहिला, की कुणीतरी त्याच्यासमोर बिस्किटाचा तुकडा ठेवला होता.

काकूंची पद्धत वेगळी. त्या दुपारी कारखान्यातून एक चक्कर मारायच्या. कापसाचे कण उडताहेत, स्प्रिंगा वळवणारं यंत्र खडखडतंय आणि काकू प्रत्येकाच्या खांद्यावरून डोकावताहेत. हळूहळू लोकच हाका मारायला लागले. "काकू, मला लॉटरीत गाडी लागलीये म्हणे, बघा ना." "काकू, बँक म्हणते खातं बंद करू. करेल का हो?" काकू बघायच्या, हसायच्या, समजावायच्या. शिलाई विभागातल्या ताई तर मेल आला की यंत्र थांबवून काकूंची वाट बघत बसायच्या. ताई तिथल्या सगळ्यात जुन्या, हाताने भराभर आणि तोंडाने फटकळ.

वर्ष संपत आलं तेव्हा मालकांनी काकूंना खोलीत बोलावलं.

"काकू, आता मला ठरवायचंय. एकतर तुम्हाला कायम करतो, नाहीतर हे सगळं काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकतो. त्यांचे लोक येतात, रंगीत अहवाल देतात, जातात. कटकट नाही. तुमची शेवटची परीक्षा होऊ दे, मग बघू."

परीक्षा म्हणजे सगळ्या कारखान्यावर टाकायचा खोटा मेल. तो काकूंनी लिहायचा. आणि काकूंना ही नोकरी हवी होती. उगाच आपली चालून आली म्हणून नव्हे, जीव लावून हवी होती. इस्पितळात त्यांची जागा एका यंत्राने घेतली होती. इथे आपली जागा आपण स्वतः कमवायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

तेव्हा काकूंनी डोकं लढवलं. लॉटरी, बँक, पार्सल, हे सगळं लोकांना पाठ झालेलं. लोकांना खरंच काय हवंय? दिवसभर दुसऱ्यांच्या गाद्या शिवणाऱ्या माणसाला काय हवं असणार? काकूंनी लिहिलं: 'कारखान्याकडून प्रत्येक कामगाराला एक नवी गादी भेट. कोणत्या मापाची हवी ते इथे दाबून कळवा.'

दोन दिवसांत सगळा कारखाना गळाला लागला. हिशेबनीस लागले, गोदामवाले काका लागले, पहारेकऱ्याने तर डबल गादी मागितली. शंकासुर आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने हसला. "काकू, मानलं तुम्हाला!" म्हणत त्याने प्लास्टिकच्या माशांचं अख्खं खोकं मागवलं आणि घरोघरी पत्रिका वाटाव्यात तसे मासे वाटले. काकूंचे पाय जमिनीवर नव्हते.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी टेकले. काकू नेहमीप्रमाणे चक्कर मारायला शिलाई विभागात गेल्या, तर कुणी मान वर केली नाही. ताईंनी मासा उचलून यंत्राखालच्या चिंध्यांच्या टोपलीत टाकला होता.

"ताई, रागावलात?"

"छे. काम आहे," ताई म्हणाल्या आणि पायपट्टी दाबली.

काय झालं ते गोदामवाल्या काकांकडून कळलं. ताईंची सासू कंबरेच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली. मेल वाचला त्याच संध्याकाळी ताईंनी घरी जाऊन सांगितलं, नवी गादी येतेय. म्हातारी लहान पोरासारखी खूश झाली. जुनी फाटकी गादी नवऱ्याने लगेच भंगारवाल्याला देऊन जागा मोकळी केली. आता म्हातारी घड्या घातलेल्या चादरींवर झोपत होती.

घरी आल्यावर काकूंना घास जाईना.

"चोराने हेच लिहिलं असतं की नाही, सांगा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी काय चुकीचं केलं?"

"लिहिलं असतं ना," यजमान म्हणाले. "पण चोर दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी डबा खायला बसत नाही."

काकूंना रडू आलं. नवरा असं काही एकदम बरोबर बोलला की त्यांना नेहमीच राग यायचा, आज रागही आला नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. कुणी हाक मारेना. काकू जवळ गेल्या की लोक संगणकाचा पडदा बंद करायचे. मेल येत होते का, कुणी काही दाबत होतं का, कुणी ताकास तूर लागू देत नव्हतं. शंकासुर खुशीत होता. "बघा, कुणीच तक्रार करत नाही. सगळे सुधारले!"

"सुधारले नाहीत सर, गप्प बसलेत," काकू म्हणाल्या. "इस्पितळात मी हे बघितलंय. ओरडा बसेल म्हणून माणसं फोनच उशिरा करायची. रोगापेक्षा त्या उशिराने जास्त घोळ व्हायचा. हे मासे उचला."

"मग लोकांना धाक कसला?"

"आपल्याला धाक हवाय की खबर हवीये?"

शंकासुराने यावर शंका काढली नाही, म्हणजे त्याला पटलं असावं. काकूंनी खोकं घेतलं आणि टेबलाटेबलावर जाऊन मासे गोळा केले. मग जेवणाच्या सुट्टीत शिलाईच्या दालनात उभ्या राहिल्या. फोनवर कितीही बोलायची सवय असली तरी समोर एवढी तोंडं नसतात.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला जे खरंच हवं होतं, त्याचंच मी आमिष केलं. तुम्ही मूर्ख म्हणून नाही फसलात, माझ्यावर विश्वास होता म्हणून फसलात. पुन्हा असं करणार नाही."

एकीने डब्याचं झाकण लावलं, तेवढाच काय तो आवाज.

तिथून काकू थेट मालकांकडे गेल्या. त्यांनी दिलेल्या अहवालात पहिलीच ओळ होती, की परीक्षा फसली आणि चूक परीक्षा घेणारीची.

"काकू, तुम्हाला कायम व्हायचंय ना?" मालकांनी कपाळाला हात लावला. "असला अहवाल कुणी स्वतःबद्दल लिहितं का?"

"व्हायचंय ना. खूप व्हायचंय. पण खरं हेच आहे. आणि साहेब, एक गादी द्या. विकत घेते."

मालकांनी अहवाल मिटला. मग म्हणाले, "वाकड्या शिलाईच्या ढिगातली उचला एक. पैसे राहू द्या. आणि बाकीचं मी महिनाअखेर सांगतो."

शाळेच्या व्हॅनच्या टपावर गादी बांधून काकू आणि यजमान ताईंच्या दारात गेले. ताईंनी दार उघडलं, गादीकडे पाहिलं, बोटाने कडेची शिलाई चाचपली.

"ही माझी नाही," त्या म्हणाल्या. "असली वाकडी शिलाई मी घालत नाही." मग बाजूला झाल्या. "आत आणा."

म्हातारीने गादीवर पाठ टेकली आणि 'हाऽऽ' केलं. ताई काकूंशी एक अक्षरही बोलल्या नाहीत. पाणी मात्र दिलं.

महिना संपायला आला होता त्या दिवशी दुपारी शिलाई विभागातून ताई धावत आल्या. गळ्यात मापाची टेप, केसांत कापूस. सगळ्या कचेरीदेखत काकूंच्या टेबलासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "काकू, मी दाबलं."

"काय?"

"दोरेवाल्यांचा मेल होता. भाव बदललेत म्हणाले. मी दाबलं आणि पडदा काळा झाला. आत्ता. आत्ताच."

काकू उठल्या त्या पळतच सुटल्या. मागोमाग शंकासुर. शिलाईच्या दालनातल्या संगणकाची वायर काकूंनी उपटली, शंकासुराने भिंतीवरच्या पेटीतून त्या भागाचं नेटवर्क बंद केलं. तो संगणक गेला, पण बाकीचे शाबूत होते. शंकासुराचा जीव भांड्यात पडला आणि तो तिथेच कापडाच्या गठ्ठ्यावर बसला. "आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळ्या ऑर्डरी गेल्या असत्या," तो म्हणाला.

गलका ऐकून मालक खाली आले. "कुणी दाबलं?"

काकू काही बोलणार तेवढ्यात ताईच पुढे झाल्या. "मी. आणि मीच येऊन सांगितलं."

मग मागून गोदामवाले काका खाकरले. "तो मेल... माझ्याकडेपण आला होता. मीपण दाबलं. माझा पडदा काळा नाही झाला, म्हणून म्हटलं जाऊ दे."

पुन्हा सगळी वरात गोदामाकडे. तिथला संगणक काळा पडण्याच्या बेतातच होता. वायर निघाली. आणि मग धीर चेपल्यासारखं झालं. एकजण म्हणाला, मी उघडला पण दाबलं नाही. एकीने पासवर्ड दिला होता. काकू एकेकाला नुसतं विचारत होत्या, कधी, कुठे, काय दिसलं. रागवायला त्यांना वेळच नव्हता. ताई त्यांच्या बरोबर टेबलाटेबलावर फिरत होत्या आणि जो कचरत होता त्याला खडसावत होत्या, "सांग की! काकू काय खातायत का तुला?"

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा काकू दमून आपल्या खुर्चीत बसल्या. तेवढ्यात मालक आले. आजूबाजूला कुणी नाही हे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"काकू, जरा माझ्या खोलीत येता?"

काकूंनी मनात तारीख मोजली. महिनाअखेर. आता रंगीत अहवालवाले येणार. त्या मुकाट्याने मागे गेल्या. मालकांनी दार लावलं आणि बराच वेळ टेबलावरची टाचणी इकडची तिकडे करत राहिले.

"सकाळी माझ्याकडेही दोरेवाल्यांचा एक मेल आला होता," ते शेवटी म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "मीपण दाबलं. मघाशी खाली सगळ्यांसमोर तोंड उघडेना."

काकूंची नजर टेबलाखालच्या वायरींकडे गेली.

"बाहेरच्या कंपनीच्या माणसाला मी हे मेलो तरी सांगितलं नसतं," मालक म्हणाले. "तुम्ही कुठे जाऊ नका. उद्यापासून कायम. पण हे आपल्या दोघांत..."

काकूंचे डोळे भरून आले. आनंद इतका झाला होता की नाचावंसं वाटत होतं, पण नाचायला वेळ नव्हता.

"ते सगळं नंतर बोलू, साहेब," त्या म्हणाल्या आणि टेबलाखाली वाकल्या. "आधी बाजूला व्हा, तुमची वायर काढते."