उजव्या हाताची साक्ष

बुलडाणा जिल्ह्यात ठाणेदार असताना हाताळलेल्या कितीतरी केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. एका बाईच्या हाताची केस मात्र तशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते.

सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. थोडी कोरडवाहू जमीन. बीटी कापूस आला तेव्हा सुरुवातीला घर सावरलं, मग लाल्या रोगानं आणि पावसाच्या दडीनं ते पुन्हा बसलं. बैलजोडी बाजारात गेली. नवरा सुरतेला कामाला गेला आणि ही तालुक्याच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, लागली. मुलगी बारावीला होती.

एक दिवस दवाखान्यातून खबर आली की, बाईचा उजवा हात मनगटातून गेला. हवालदारानं जबाब घेतला. “घरी ढोराचा कडबा कापता कापता कुट्टी मशीनीत गेला,” असं तिनं सांगितलं. अपघात म्हणून नोंद झाली, प्रकरण मिटलं.

त्या काळात शहरातला एक सेवाभावी क्लब आमच्या ठाण्यातल्या पीडितांना मदत करी. पोळलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला त्यांची गाडी येई, ब्लँकेटं येत. काम चांगलं होतं, हे मी आजही म्हणतो. पण वर्षातून एकदा कार्यक्रम होई आणि प्रत्येक पीडित बाईला शिलाई मशीनच मिळे. कोणाला काय हवं, हे कोणी विचारत नसे. गुन्हा नसला तरी गरज होती, म्हणून मी या बाईचं नाव यादीत घातलं. यादीत फक्त नाव आणि गाव असे.

कार्यक्रमाआधी क्लबचे अध्यक्ष चहाला आले. कापडाचे व्यापारी, बोलका माणूस.

“साहेब, आमचा एक मेंबर म्हणतो, या बाईला मशीन नको, पीठगिरणी द्या. एका हातानं मशीन कशी चालवील? मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा.”

“कोण मेंबर?”

त्यांनी एका जिनिंगवाल्याचं नाव सांगितलं. सगळ्या क्लबात बाईच्या हाताचा विचार केला तो एकट्यानं. यादीत हाताचा उल्लेखच नव्हता, मग त्याला ते कळलं कसं? मला तेच खटकलं.

मी तिच्या घरी गेलो. दावणीला नुसता खुंटा होता.

“ढोर नाही, मंग कुट्टी कायची बाई?”

“शेजाऱ्याची होती.”

“कोणत्या शेजाऱ्याची?”

तिनं थोटा हात पदराखाली घेतला. म्हणाली, “साहेब, जिनवाला शेठ पोरीले नर्सिंगले लावून देतो म्हणते. माहा हात तर गेला. आता तिचा काऊन तोडता? मी लिहून देत नाही, जा.”

माझी आई जन्मभर निंदणाला गेली. घरातला पहिला बी.ए. मी. पोरीच्या शिक्षणासाठी बाई काय काय गिळू शकते, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी परत आलो.

कार्यक्रम ठाण्याच्या आवारात झाला. मांडव, हार, फोटोवाला. मशीन घेताना तिनं मंचावरच जिनिंगवाल्याला हळूच विचारलं, “शेठ, पोरीच्या अॅडमिशनचं?”

तो हसत म्हणाला, “आता मशीन भेटली ना! पोरगी शिवते, तू काज-बटन कर. नर्सिंगची काय घाई हाय?”

तिनं पदराखालून थोटा हात बाहेर काढला.

“काज-बटन कोणत्या हातानं करू, शेठ? माहा हात तुमच्या जिनात राह्यला!”

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. मी खुर्ची मागवली आणि त्याच मांडवात तिचा जबाब नोंदवला.

जिनिंगच्या मुकादमाला ठाण्यात बसवलं. तासभर त्यानं कुट्टीचंच गाणं गायलं. मी विचारलं, “तुझी बायको कुठं काम करते?”

“त्याच मशीनवर,” म्हणता म्हणता त्याची मान खाली गेली. “कापसाची गाठ अडकली की हातानं काढा लागते साहेब. बंद केली तर शेठ वरडते.”

“हात आत जाऊ नये म्हणून मशीनला जाळी असते, ती कुठं आहे?”

“गोदामात. जाळी लावली की कापूस हळू जाते.”

पोत्यांखाली जाळ्या सापडल्या. एकीलाही कापसाचा तंतू चिकटलेला नव्हता. पंचनामा केला, गुन्हा दाखल झाला.

शेठला त्याच दिवशी जामीन मिळाला. कोर्टात सोबतच्या बाया एकेक करून फितूर झाल्या. त्यांनाही पुढच्या हंगामात काम हवंच होतं. मुकादमही फिरला. शेठ निर्दोष सुटला. क्लबनं त्याला काढलं नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा शिलाई मशीनच वाटल्या.

या केसनं मला एक शिकवलं. मदत घेऊन येणाऱ्याला नमस्कार जरूर करावा, पण जिला मदत द्यायची तिला आधी विचारावं, बाई, तुझं काय गेलं आणि कोणी नेलं?

आमचा पंचनामा कारखाना निरीक्षकाकडे गेला होता. त्यावरून तालुक्यातल्या सगळ्या जिनिंगची तपासणी झाली आणि प्रत्येक मशीनला जाळी बसली. मुलीचं नर्सिंग झालं नाही. ती दुसऱ्या जिनिंगमध्ये कामाला लागली. तिचे दोन्ही हात शाबूत आहेत.