पापणी लवण्याएवढा तुकडा

लग्नाचा असो की मिरवणुकीचा, व्हिडिओ कापताना हात जरा घाईत असला की दोन दृश्यांच्या मधे एखादा नको असलेला तुकडा राहून जातो. पापणी लवते न लवते एवढाच. बघणाऱ्याला काय झालं ते कळत नाही, नुसतं डोळ्याला खटकतं. आता संगणकाला सांगितलं की तो असले बारके तुकडे शोधून त्यांच्यावर लाल खुणा करून देतो. मी त्याच्यावर विसंबतो. माझी बायको विसंबत नाही, आणि ते माझ्या डोक्यात जातं.

आष्ट्यातल्या आमच्या दुकानात ती पडद्याकडे तोंड करून बसतच नाही. बाजूला तिरकी बसून शेंगा फोडत असते आणि मधेच म्हणते, "थांबवा. कायतरी चमकलं." मागे जाऊन बघावं तर तुकडा सापडतोच. तिचं माहेर मेढ्याकडचं, डोंगराला गुरं राखत वाढलेली. "समोर बघितलं की माणसं दिसत्यात," ती म्हणते, "कडंनं बघितलं की हललेलं दिसतं." मी कितीही तोरा मिरवला तरी तिच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय एकही व्हिडिओ गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. असा डोळा मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

मागे जवळच्या एका गावातला जवान निवृत्त होऊन आला. आमच्याकडे फौजी कायमचा घरी परतला की वेशीपासून घरापर्यंत मिरवणूक निघते. उघडी जीप, गुलाल, ट्रॅक्टरवर साउंड, दारोदार ओवाळणं. चित्रीकरण माझ्याकडे होतं. एक कॅमेरा माझ्या हातात, दुसरा पुढच्या ट्रॅक्टरवर बांधून मागच्या जीपकडे लावलेला.

त्याच आठवड्यात फौजी दुकानात आला. व्हिडिओ कधी मिळणार ते विचारायला आला असेल असं वाटलं, पण तो दाराशीच घुटमळला. मग म्हणाला, "आमचं आबा त्यात कुठं दिसत्यात का, तेवढं बघा की."

आबा म्हणजे त्याचे वडील, तेही फौजेतले जुने हवालदार. पोरानं आणखी थांबून सुभेदार व्हावं अशी त्यांची इच्छा होती, आणि पोरगा पेन्शन बसल्याबरोबर घरी आला. "सुभेदार होऊन ये, मग मिरवणूक काढ," एवढं बोलून म्हातारा मिरवणुकीच्या सकाळीच मळ्याकडे निघून गेला. सगळ्या गावानं ओवाळलं, पण ज्याच्याकडे बघून पोरगा भरती झाला तो माणूस तेवढा नव्हता. हातातल्या कॅमेऱ्याचं सगळं मी बघितलं होतं. "न्हाईत दिसत," मी सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि निघून गेला. मला म्हाताऱ्याचा भयंकर राग आला.

व्हिडिओ जोडून झाला. संगणकानं लाल खुणा केल्या आणि मी एका फटक्यात सगळे तुकडे पुसायच्या बेतात होतो. त्याआधी बायकोसाठी एकदा चालवला.

"थांबवा. पांढरं कायतरी हललं. वरच्या कोपऱ्यात."

"तो तुकडा काढायचाच हाय."

"काढा की. पर आवं, आधी बघा तरी."

कुरकुरत मागे गेलो. तुकडा ट्रॅक्टरवरच्या कॅमेऱ्याचा होता. कापताना माझ्याकडून राहिलेला. खाली जीप, मधे फ्लेक्स, आणि वर डेअरीच्या गच्चीवर धोतरातला एक माणूस, कपाळाशी हात नेलेला.

त्या कॅमेऱ्याचं मूळ चित्रण मी उघडलं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत आबा उभे होते. जीप जवळ आली तसे पाय जुळले, छाती ताठ झाली, हात वर गेला. जीप पुढे सरकेपर्यंत तो हात हलला नाही. मग खाली आला आणि म्हातारा टाकीमागे दिसेनासा झाला. बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली.

तुकडा काढला नाही. लांबवला, वरचा कोपरा मोठा केला, आणि सबंध सलाम ठेवला.

व्हिडिओ बघायला त्यांनी आम्हा दोघांनाही घरी बोलावलं. आबा खुर्ची जरा वळवून, आपला काही संबंध नसल्यासारखे सुपारी कातरत बसले होते. गच्ची आली आणि अडकित्ता थांबला.

"ऊन लय व्हतं त्या दिवशी," आबा खाकरून म्हणाले. "डोळ्यावर हात धरला व्हता."

टाकीची सावली तर पडद्यावर साऱ्यांना दिसत होती. माझी जीभ वळवळली. बायकोनं मला कोपर मारलं आणि म्हणाली, "व्हय आबा, लयच ऊन व्हतं."

"व्हय," फौजीही म्हणाला.

थोड्या वेळानं आबाच म्हणाले, "परत लाव रं जरा." फौजीनं परत लावलं. मी डोळे फाडून टीव्हीकडे बघत बसलो.

गाडीवरून परत येताना बायको मागून म्हणाली, "दुसऱ्यांदा लावलं तवा तुमी काय बघितलं?"

"काय म्हणजे? सलाम."

"मी पोराकडं बघत व्हते. आबांचा हात वर गेला तवा त्यानं बसल्या जागी टाचा जुळवल्या."