बापाचं काय होते

अकोल्याला जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक जाड कादंबरी घेतली आणि अमरावतीच्या बसमध्ये वाचत बसले. शेजारचे वयस्क गृहस्थ वरुडचे संत्रा बागायतदार होते. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसून पुस्तक अलगद उलटंसुलटं पाहिलं.

"काय लिहेल आहे बाई याच्यात?"

"श्रीमंताची मुलगी गरीब मुलावर प्रेम करते. बाप नाही म्हणतो, मग दोघं पळून जाऊन लग्न करतात."

त्यांनी पुस्तक माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "अन् मंग बापाचं काय होते?"

मी पानं चाळली. बापाबद्दल पुढे एक ओळही नव्हती.

"त्याले कोनी इचारलंच नसंन," ते हळूच म्हणाले.

मीही त्या दिवशी एका गॅरेजवाल्या मुलाशी लग्न करायला, घरी न सांगता निघाले होते. हे त्यांना ठाऊक नव्हतं.

अमरावतीला उतरून ते वरुडच्या गाडीकडे गेले. मी तिथूनच बाबांना फोन लावून सगळं सांगितलं. ते चिडले, मग म्हणाले, "उद्यापर्यंत थांब. मी येतो."

त्या गृहस्थांचं नाव मी विचारलं नाही. माझ्या लग्नाच्या फोटोत बाबा आहेत, ते त्यांच्यामुळे.