ब्रेकबाईंचं आब्ला

ब्रेकबाई मंत्र घालतात, अशी आमच्या गल्लीत बोलवा होती. सिग्नल लाल झाला की म्हणे त्या डोळे अर्धवट मिटून काहीतरी पुटपुटतात, शेवटच्या अक्षराला दिवा हिरवा होतो, आणि म्हणूनच त्यांच्याकडे गाडी शिकलेला माणूस लायसन्सच्या परीक्षेत कधी नापास होत नाही. ही बातमी बँकेतल्या एका कॅशियरने पसरवली. तो त्यांच्याकडे शिकत होता आणि मंत्र त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. "आब्लो, आब्लास, आब्ला," आवाज खाली आणून तो सांगायचा, "आणि मग जरा थांबून, आब्लामोस. अंगावर काटा येतो हो."

आता यातलं एकेक निस्तरू. ब्रेकबाईंकडे शिकलेले लोक भरपूर नापास होतात. हा कॅशियर स्वतः झाला होता, तोही गाडी गेटाबाहेर निघायच्या आधी. सिग्नल हिरवा होतो, कारण तो सिग्नल आहे, त्याचं तेच काम आहे. आणि मंत्र म्हणजे स्पॅनिशमधलं 'बोलणे' हे क्रियापद होतं, वर्तमानकाळी. मला हे ठाऊक, कारण शाळेत मला स्पॅनिश आहे आणि ब्रेकबाई माझी सख्खी मावशी आहे.

मावशी गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीत शिकवणारीच्या पायाशीही एक ब्रेक आहे, आणि इतकी वर्षं तो दाबून दाबून तिचा उजवा पाय कायमचा त्या कामावर रुजू झालाय. ती घरी सोफ्यावर बसलेली असते, टीव्हीवर कुणी वाजवीपेक्षा भरभर बोलायला लागतं, आणि मावशीचा पाय फरशीवर दाबला जातो. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, फोडणीत तिखट जास्त घालायला लागले तरी दाबला जातो. नाव तिथूनच पडलं.

तिची भाषाही त्या सीटवरच घडली. "क्लच दाब. सोड. हळू सोड. आरशात बघ. स्वतःचं तोंड नको, मागचा ट्रक बघ." घरी आल्यावर त्यात फरक पडत नाही. "मीठ दे. खिडकी लाव. सरक." काका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेत. ते म्हणतात, "क्रियापदाचे अर्थ चार. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. हिच्यापाशी स्वार्थ नावालाही नाही, सगळा आज्ञार्थ. उरलेले दोन मी बाहेर जाऊन वापरून येतो."

"चहा घ्या," मावशी म्हणते. काका चहा घेतात.

आता अशी बाई स्पॅनिशच्या वाटेला का गेली, तर लेकामुळे. मावशीचा एकुलता एक लेक नोकरीसाठी परदेशी गेला आणि तिथल्याच एका मुलीशी त्याने लग्न केलं. कचेरीत सह्या झाल्या, मावशीने त्या फोनच्या पडद्यावर पाहिल्या. मग विहीणबाईंशी व्हिडिओवर बोलणं सुरू झालं. दुभाषा अर्थातच लेक.

"त्यांना म्हणावं," मावशी सांगायची, "मुलगी फार गुणी आहे हो तुमची. आम्हाला मुलगी नव्हती, ती कसर भरून निघाली. आणि गुडघा कसा आहे तुमचा? शेक घेता का?"

लेक शेजारी वळून दोन शब्द टाकायचा. तिकडून विहीणबाई दोन्ही हात हलवून, डोळे पुसून, मध्येच हसून बराच वेळ बोलायच्या. त्या थांबल्या की लेक मराठीत सांगायचा, "त्या म्हणतात, छान."

"अरे, इतकं बोलल्या त्या!"

"सारांश सांगितला, आई."

त्याचं स्वतःचंही तेच. जेवलास का? छान. झोप लागते का? छान. ऑफिस? छान. फोन ठेवला की मावशीचा पाय फरशीवर दाबला जायचा. एकदा काकांना म्हणाली, "शिकाऊ माणूस 'येतंय, येतंय' म्हणायला लागला ना, की मी ब्रेकवर पाय ठेवते. ह्याचं 'छान' त्यातलंच आहे. कसा आहे तो, कोण सांगणार मला?"

सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं. विहीणबाई लेकाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहतात, त्याला रोज बघतात. आणि आता लेक, सून आणि विहीणबाई, तिघंही आठवडाभरासाठी इकडे येणार होते. मावशीला दुभाष्याला वगळून विहिणीला गाठायचं होतं. म्हणून तिने मला गाठलं.

"शिकव," ती म्हणाली.

सुरुवात झकास झाली. स्पॅनिशमध्ये विहिणीला सरळ एक शब्द आहे, कोन्सुएग्रा, हे ऐकून ती खूश झाली. "ज्यांना विहीण कळते ती माणसं आपल्यातलीच," असा निकाल तिने दिला. सर्वनाम गाळलं तरी चालतं, 'मी बोलते' ऐवजी नुसतं 'बोलते' म्हटलं तरी भागतं, हेही तिला पटलं. मग आम्ही 'आब्लार' घेतलं. अगदी नियमित, गुणी क्रियापद. शेवटचा 'आर' काढायचा आणि शेपूट जोडायचं.

"आब्लो म्हणजे मी बोलतो," मी म्हटलं.

"बरं. आणि मी बोलते?"

"तेही आब्लोच."

"असं कसं? मघाशी तूच म्हणालीस, शेवटी ओ असला की पुल्लिंग, आ असला की स्त्रीलिंग."

"ते नामाला गं मावशी. क्रियापदाला लिंग नसतं त्यांच्यात."

"बोलणाऱ्या बाईला असतं ना? मग ती बोलताना कुठे ठेवते?"

मी पुस्तकाचं पुढचं पान उघडलं. 'आब्ला' म्हणजे तो बोलतो आणि ती बोलते, दोन्ही, असं मी म्हणून पाहिलं. मावशीने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "पुरुषाला आ लावलाय. तुझ्या शाळेतल्या बाईंचा काहीतरी घोळ झालाय." आणि तिने आपल्यापुरतं पक्कं केलं की पुरुष आब्लो, बाई आब्ला. ब्रह्मदेव आला असता तरी ते बदललं नसतं.

भविष्यकाळात तर आमची गाडी खड्ड्यातच गेली. 'मी बोलेन' म्हणजे आब्लारे, असं सांगितल्यावर तिने विचारलं, "रे कुणाला?"

"कुणालाच नाही. ते शेपूट आहे."

"मी विहिणीशी बोलणार. बाईला रे म्हणू? आब्लागं म्हणेन फार तर."

काका हसता हसता पेपरामागे गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. एकच गोष्ट मावशीने वाद न घालता घेतली. मी सांगितलं, की मनात इच्छा असली, शंका असली, धास्ती असली, की स्पॅनिशमध्ये क्रियापदाचं शेपूट बदलतं, आब्लाचं आब्ले होतं. तिने काचेतून बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं. "म्हणजे काळजी असली की वेगळं बोलायचं. मला तेच लागणार," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून सिग्नलला कॅशियरच्या अंगावर आणखी काटे यायला लागले.

मला नकला करायची खोड आहे. 'आब्लागं' मी घरभर, जिन्यात, फोनवर मैत्रिणींना करून दाखवलं. पाय फरशीवर दाबण्यासकट. एकदा मावशी दारातच उभी होती. ती रागावली नाही. तिने पूर्ण नक्कल पाहिली आणि म्हणाली, "पाय डावा वापरलास. उजवा."

"मावशी, तुला त्यांच्याशी दहा मिनिटंसुद्धा बोलता येणार नाही," मी म्हटलं.

"लाव पैज."

"दुभाषा नाही हं. दहा मिनिटं स्पॅनिशमध्ये बोलणं चालू राहिलं पाहिजे."

"राहील. हरले, तर मोकळ्या मैदानावर तुला गाडी देईन. तू हरलीस, तर गाडी धुवायची. क्रियापद म्हणत म्हणत, सगळ्या काळांत."

मी मनातल्या मनात मैदानावर दोन चकरा मारूनही आले.

पाहुणे आले. विहीणबाई उंच, पांढऱ्या आखूड केसांच्या. मांडीवरची भलीमोठी पर्स त्या जेवतानाही सोडत नव्हत्या. पहिले दोन दिवस लेक मध्ये बसून दोन्हीकडे 'छान'ची खिरापत वाटत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला आणि सुनेला लग्नाच्या कागदांवर शिक्के घ्यायला कचेरीत जावं लागलं. काकांनाही मावशीने भाजी आणायला पिटाळलं. दिवाणखान्यात दोन विहिणी उरल्या, आणि कोपऱ्यात पंच म्हणून मी. मला बोलायची बंदी.

दोघी हसल्या. मग पुन्हा हसल्या. विहीणबाईंनी पडद्याच्या कापडाला हात लावून मान डोलावली. मावशीनेही आपल्याच पडद्याला मान डोलावली. तिचे ओठ हलत होते आणि मला कळत होतं की आत सगळे काळ एकमेकांच्या अंगावर आदळताहेत. तिला सांगायचं होतं, 'मी बोलते हं तुमची भाषा, थोडीशी.' ती खाकरली. सर्वनाम गाळायचं, हे तिला नेमकं आठवलं.

"आब्ला," ती म्हणाली.

आता गंमत अशी, की स्पॅनिशमध्ये 'आब्ला' हा आज्ञार्थही आहे. 'बोल.' आणि मावशीच्या तोंडून दुसरा अर्थ कधी निघालाच नव्हता. सूर तोच, 'हळू सोड'वाला. हातही तसाच पुढे गेला, 'चल, घे गाडी पुढे' म्हणून.

विहीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मांडीवरची पर्स उचलून खाली जमिनीवर ठेवली आणि बोलायला सुरुवात केली.

सुरुवातीला मला मधला एखादाच शब्द लागत होता. थोड्या वेळाने त्या श्वास घ्यायला थांबल्या. मावशीला वाटलं, आपलं म्हणणं पोचलं नाही. छातीवर हात ठेवून ती पुन्हा, जास्त ठासून म्हणाली, "आब्ला."

विहीणबाईंचे डोळे भरले. मावशीचा हात हातात घेऊन त्यांनी दुप्पट जोमाने पुन्हा सुरू केलं. आता लेकाचं चाललं होतं, एवढं कळत होतं, कारण त्या उठून लेक झाल्या. खरंच झाल्या. खांदे पाडले, मान किंचित वाकडी केली, एका हाताने कानावर न दिसणारा फोन धरला आणि लेकाच्या आवाजात म्हणाल्या, "छान. छान." मग शेजारच्या न दिसणाऱ्या माणसाकडे वळून, तेच स्पॅनिशमध्ये, "ब्येन. ब्येन." मी इतके दिवस घरात नकलाकार म्हणून मिरवत होते. मी पाय पोटाशी घेऊन बसले.

मावशी बघत होती. विहीणबाईंनी फोन खाली ठेवल्याचं दाखवलं आणि तशाच, लेक होऊन, पायरीवर बसल्यासारख्या खुर्चीच्या कडेला बसून राहिल्या. हात गुडघ्यांत. बराच वेळ. मग त्या पुन्हा स्वतः झाल्या, ताटली आणून त्याच्यासमोर ठेवल्यासारखं केलं, शेजारी बसल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग लेक होऊन ताटली साफ केली आणि आणखी मागितलं.

मावशीने पदराने नाही, ओढणीने नाही, सरळ मनगटाने नाक पुसलं. "आब्ला," ती हळूच म्हणाली. या वेळी तिला नेमकं काय म्हणायचं होतं, मी कधी विचारलं नाही.

शेवटी विहीणबाईंनी खुर्ची गाडीसारखी वळवली. स्टिअरिंगवर त्या स्वतः. मग पटकन शेजारच्या जागेवर सरकून लेक. आणि लेकाचा उजवा पाय फरशीवर जीव खाऊन दाबला गेला, जिथे ब्रेकच नव्हता.

मावशी इतकी हसली की तिला उभं राहावं लागलं. मग तिने स्वतःचा पाय पुढे केला आणि त्याच ठिकाणी, तसाच दाबून दाखवला. विहीणबाई तो पाय बघतच राहिल्या. "कोन्सुएग्रा!" एवढंच त्या म्हणाल्या, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसायला लागल्या. घड्याळाकडे बघायचं मी केव्हाच सोडलं होतं.

लेक संध्याकाळी परतला तेव्हा दोघी शेजारी शेजारी बसून वाटाणे सोलत होत्या. त्याने काळजीने दोघींकडे पाहिलं. "काय बोललात दुपारभर?"

"छान," मावशी म्हणाली.

"ब्येन," विहीणबाई म्हणाल्या.

"एवढंच?"

"सारांश," मावशी म्हणाली, आणि सोललेल्या वाटाण्यांचा वाडगा त्याच्या हातात दिला. "बस इथे. खा."

मी अर्थातच भांडले. मावशी सबंध दुपारभर एकच शब्द बोलली होती, तोही चुकून. पण पैजेचे शब्द माझेच होते, 'बोलणं चालू राहिलं पाहिजे', आणि कुणाचं ते मी सांगितलं नव्हतं. निवाडा काकांकडे गेला. "कर्ता अध्याहृत आहे," ते म्हणाले. "बादली घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी धूत होते. दारात दोन खुर्च्या टाकून दोघी विहिणी कॉफी पीत बसल्या होत्या. क्रियापद 'धुणे' ठरलं होतं, लाबार, तेही पूर्ण नियमित.

"लाबो," मी बॉनेटला साबण लावत म्हटलं. "मी धुते."

"लाबो नाही," मावशी म्हणाली. "मुलगी आहेस तू. लाबा."

"मावशी, अगं लाबा म्हणजे..."

"लाबा," विहीणबाईंनीही मान डोलावली आणि चमचा रोखून चिखलाने भरलेलं मागचं चाक दाखवलं.

'लाबा' म्हणजे 'धू'. मी मागचं चाक धुवायला घेतलं.