सरकारी डोहाळे

“इचारलंय तुमी, मंग आता पुरवा बी तुमीच,” गयाबाई म्हणाल्या आणि जात्याशेजारी फतकल मारून बसल्या.

मी खांद्याला बॅग अडकवून दारात उभी. आपण असं काय विचारलं, तेच मला कळेना. विचारलं होतं ते एवढंच : “कौसल्ये, काय खावंसं वाटतं तुला?”

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. कर्जतच्या बाजूला एका गावात मी एएनएम म्हणून नुकतीच लागले होते. एएनएम म्हणजे गावाची नर्सबाई. लसी टोचायच्या, बाळंतपणं करायची, गरोदर बायांना घरी जाऊन तपासायचं. कौसल्या ही गयाबाईंची सून. सहावा महिना चालू होता. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आतून लाल दिसायला हवी. हिची पांढरीफटक. आम्ही त्याला ॲनिमिया म्हणतो, म्हणजे अंगात रक्त कमी. तिचं पहिलं मूल अगदी मुठीएवढं जन्मलं आणि राहिलं नाही. या वेळी तसं व्हायला नको असेल, तर तिच्या पोटात नीट अन्न जायला हवं होतं. माझी बाकीची विद्या त्यापुढे शोभेची.

लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या गयाबाईंनी उकिरड्यावर टाकल्या. “गोळीनं पोर काळं हुतं.”

“बरं मावशी, मग खाणं तरी वाढवा. दोन जेवणांच्या मध्ये काहीतरी द्या. दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं.”

“पाच डाव? म्हस हाय का ती, दिसभर चरायला?”

सुनेनं आडवेळी खाणं म्हणजे चोरून खाणं, अशी तिथली समजूत. शिवाय जास्त खाल्लं की पोटातलं पोर माजतं आणि सुटका होताना अडतं, असंही गयाबाईंचं ठाम मत. म्हणून म्हटलं, सुनेलाच विचारावं. आमच्या घरी आई हा प्रश्न रोज सगळ्यांना विचारायची आणि उत्तर न ऐकता पिठलं करायची. इथे मात्र गरोदर बाईला हे फक्त माहेरची माणसं विचारतात, हे मला कुठलं माहीत! विचारलं की जे उत्तर येईल तो डोहाळा. आणि ज्यानं विचारलं, त्यानंच तो पुरवायचा.

कौसल्येची आई तिच्या लग्नाआधीच गेलेली. भाऊ नाही. तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तिनं एकदम डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, “शेंगोळं. आई करायची तसं.”

“ऐकलं ना? आता न्हाई पुरवलं तर पोराचे कान फुटत्यात,” गयाबाई म्हणाल्या. “मंग त्ये धुवायला बी तुमालाच यावं लागंल.”

मला स्वयंपाक येत नव्हता. येत नव्हता म्हणजे अजिबातच. मी चहा-बिस्किटांवर जगत होते आणि गावभर सकस आहारावर बोलत होते. आमच्याकडे सरकारी तक्ता होता, त्यावर सफरचंद, अंडी आणि दुधाचा ग्लास. तो दाखवला की बाया विचारायच्या, “ह्ये लाल काय हाय वो?”

शेंगोळे म्हणजे हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, पिठात लसूण-मिरची-जिरं घालून मळायचं, कडबोळ्यासारखं वळायचं आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात शिजवायचं. सांगायला सोपं. शेजारणीकडून पीठ मागून आणलं, स्टोव्ह पेटवला. माझे शेंगोळे पाण्यात पडले आणि विरघळले. तसाच डबा घेऊन भर दुपारी गेले. गयाबाईंनी झाकण उघडून आत डोकावलं.

“शेंगोळं कुठं हाय यात?”

“तेच आहेत.”

“बाई, ह्ये माडगं झालं.”

माडगं म्हणजे हुलग्याची पातळ खीर. म्हणजे पदार्थ चुकला होता, पण धान्य तेच होतं. कौसल्या ते वाडगाभर प्यायली. वर भाकरी कुस्करून खाल्ली. गयाबाई पुटपुटल्या, “हुलगा गरम पडतोय.” पण अडवलं नाही. तेव्हा मला कळलं, माहेरून आलेलं सासूनं अडवायचं नसतं. आणि आणणारीच्या समोर बसून ते खायचं असतं. गयाबाई मला कोंडीत पकडायला गेल्या आणि त्यांनी स्वतःच्याच हातानं दार उघडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. कौसल्येला पाणवठ्यावर आधीच गाठून कानात सांगून ठेवलं होतं. घरी जाऊन मोठ्यानं विचारलं, “काय खावंसं वाटतं गं?”

“शेंगदानं आन गूळ,” ती खाली बघून म्हणाली.

मग रोजचाच रिवाज झाला. कधी फुटाणे, कधी मोड आलेली मटकी नुसती वाफवून, कधी ज्वारीच्या कण्या ताकात कालवून. कधी तीळ लावलेली बाजरीची भाकरी नि त्यावर शेवग्याच्या पाल्याची भाजी. भाकरी आणि भाजी अर्थात शेजारीण करून द्यायची. हे सगळं पोटभरीचं, रक्त वाढवणारं आणि गावातच मिळणारं. खरं सांगायचं तर निवडताना मी आणखी एक बघत होते : मला बिघडवता येणार नाही असं काय आहे?

महिन्याच्या मीटिंगला डॉक्टरांनी विचारलं, “सिस्टर, त्या ॲनिमियाच्या केसचं काय?”

“सर, डोहाळे चालू आहेत.”

“सातव्या महिन्यात?”

“मी चालू ठेवलेत.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “गोळ्या घेते का?”

“गुळाच्या खड्याबरोबर घेते, सर. तोही डोहाळाच.”

“बरं,” ते म्हणाले. “रिपोर्टमध्ये आहारविषयक सल्ला दिला, एवढंच लिहा.”

पापणी हळूहळू गुलाबी दिसायला लागली. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. ती थोपटून व्हायच्या आतच गयाबाईंनी मला ओसरीवर बसवून घेतलं.

“बाई, एक इचारू का?”

“विचारा की मावशी.”

“माजी पाच बाळंतपनं झाली. पोरींची बगितली, जावांची बगितली. कुनाला आंबट लागतं, कुनाला माती खावी वाटती. हिला मटकी, हरबरं, पाला! तुमी आला की डोहाळा लागतो, तुमी गेला की जातो. हिचे डोहाळे बी सरकारी हायेत का काय?”

मला हसू आवरेना. त्या मात्र हसत नव्हत्या.

“मी येडी न्हाई. पयल्या दिसापासनं कळतंय मला. पर पोरगी खाताना बरी दिसती, म्हनून गप ऱ्हायले.” मग आवाज खाली गेला. “थोरल्याच्या येळंला मी लई अडले हुते. सुईनीनं आशा सोडली हुती. हिचं पोर मोठं झालं आन अडली, तर मी काय करू?”

इतके दिवस मी त्यांना हट्टी समजत होते. बाई घाबरलेली होती.

“मावशी, पेरणीच्या आधी बैलाला पेंड घालता ना?”

“घालावीच लागती. नाय तर औताच्या तासातच बसतोय त्यो.”

“कळा द्यायला याहून जास्त ताकद लागते. बारीक पोरही अडतं, आईच्या अंगात जोर नसला तर. आणि काही कमीजास्त वाटलं तर मी आधीच गाडी जुंपून तिला कर्जतला नेईन. शब्द देते.”

गयाबाईंनी सूप पुढ्यात ओढलं. सुपातले खडे निवडत राहिल्या. मग उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि माझ्यादेखत, मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “कौसे, काय खावंसं वाटतंय गं तुला?”

कौसल्येच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. सासूनं विचारलं, म्हणजे आता सासूच पुरवणार. ती माझ्याकडे बघायला लागली. आज कानात काही सांगितलेलं नव्हतं. मी नजरेनं म्हटलं, बोल.

“चिंच,” ती म्हणाली. “आत्याबाई, पयल्यापासनं चिंचच खावी वाटतीया.”

गयाबाईंनी कपाळावर हात मारला, आणि त्या घरात मी त्यांना पहिल्यांदा खदखदून हसताना पाहिलं. चिंच आली. तिच्याबरोबर दुपारची अर्धी भाकरी आणि गुळाचा खडाही आला, आणि ते रोज यायला लागलं. माझा डबा बंद झाला. त्याचं दुःख कुणालाच झालं नाही.

कौसल्या घरीच बाळंत झाली, माझ्या हातून, फारशी न अडता. मुलगी झाली. चांगली भरलेली, आवाज शिवेपर्यंत जाईल अशी. मी तिला वजनाच्या झोळीत ठेवायला निघाले, तर गयाबाईंनी हात धरला.

“वजन मागनं. आदी कान बगा.”

कान उत्तम होते.

पुढे नोकरीत शेकडो बायांना तपासलं, पण ‘काय खातेस?’ आणि ‘काय खावंसं वाटतं?’ हे दोन प्रश्न मी पुन्हा कधी एक समजले नाहीत. पहिल्याचं उत्तर रजिस्टरमध्ये लिहून भागतं. दुसरा विचारायचा असेल, तर आधी घरात हुलग्याचं पीठ आहे का बघावं. शेंगोळे मी अजून करते. घरातले त्याला माडगंच म्हणतात.