बाबांचे दोन शब्द

बाबा तीनदा नगरसेवक झाले. दोनदा एका पक्षातून, तिसऱ्यांदा दुसऱ्यातून. मग मुदत संपली, निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या आणि नावामागे 'माजी' लागलं. तरी डोंबिवलीत नळाला पाणी आलं नाही की लोक आमचीच बेल वाजवायचे. दार आई उघडायची. चहाही तीच टाकायची. कोणत्या सोसायटीचं गटार तुंबलंय हे तिला आधी कळायचं, बाबा ते सभेत बोलायचे आणि पेपरात फोटो बाबांचा यायचा. जगाची रीतच ती, असं म्हणून आई पुढचा चहा ठेवायची.

बाबांची खरी हुकमत मयतावर. मानपाड्यापर्यंत कुठेही कोणी गेलं तरी डॉक्टरचा दाखला, शववाहिनी, स्मशानातला पास, सगळं ते फोनवर जमवून द्यायचे. लग्नाला नाही गेलं तर लोक विसरतात, मयताला नाही गेलं तर मतदानाच्या दिवशी बरोब्बर आठवतं, हे त्यांनी आम्हाला जेवताना शिकवलेलं. आमच्याकडे अग्नी दिल्यावर गेलेल्या माणसाबद्दल कोणीतरी दोन शब्द बोलतं. ते कोणीतरी म्हणजे कायम बाबाच. ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्यावरही ते असं बोलायचे की शेजारीपाजारी डोळे पुसायचे. यांना माणूस मेल्यावरच नीट दिसतो, असं आई म्हणायची. हसून म्हणायची, पण म्हणायची.

गेल्या वर्षी आई गेली. सकाळी ओट्यापाशी पडली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी घोडबंदरला राहते. भावाचा फोन आला तशी गाडी काढली आणि नेहमीच्या जागी अडकले. समोर नव्या टॉवरची जाहिरात होती, स्विमिंग पूल वगैरे. ती मी पुन्हा पुन्हा वाचत बसले. रडू आलं नाही. यायला हवं, एवढं फक्त कळत होतं.

पोचले तेव्हा आई हॉलमध्ये होती आणि बाबा गॅलरीत, कानाला फोन लावून. मला बघून त्यांनी हात केला, थांब म्हणून. भाऊ म्हणाला, दवाखान्यातून आल्यापासून असेच आहेत, तिच्याजवळ बसलेच नाहीत. मी गॅलरीत गेले.

"बाबा, आत चला ना. तिच्याजवळ बसा जरा."

"हो, हो. पास झालाय. गाडी निघाली तिकडून," म्हणाले आणि पुढचा नंबर लावला.

मला त्यांचा राग आला. मोठं काही नको होतं मला. त्यांनी तिच्याबद्दल एक वाक्य बोलावं, बस. ती कशी होती, आता तिच्याशिवाय कसं होणार, काहीही. एवढी वर्षं गावभरच्या मेलेल्यांना शब्द वाटत फिरलेला माणूस, बायकोसाठी थोडे तरी राखून ठेवले असतील, असं मी धरून चालले होते. आत जाऊन मी आईच्या पायाशी बसले. तिच्या नखांत पीठ होतं.

स्मशानात मीही गेले. आता बायका जातात. गर्दी खूप होती, सगळी तिचा चहा प्यायलेली. भावाने अग्नी दिला, लोक मागे सरले, आणि मग कोणीच बोलेना. कार्यकर्ते एकमेकांकडे बघायला लागले. अशा वेळी बोलणारा आमच्या वॉर्डात एकच होता आणि आज त्याला बोला म्हणायची कोणाची छाती होत नव्हती.

बाबा आपणहून पुढे झाले. घसा साफ केला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

आवाज जरासुद्धा हलला नाही. एक मनमिळाऊ, कष्टाळू माऊली आज आपल्यातून निघून गेली, असं ते म्हणाले. तिने संसारासाठी आयुष्य वेचलं, दारी आलेल्याला कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही, तिची उणीव भरून निघणारी नाही. मागे कोणीतरी हुंदका दिला. बाबा थांबले. मला वाटलं, आता. आता नाव घेतील तिचं.

ते आम्हा दोघांकडे वळले. डोळे कोरडे होते, आणि आम्हाला ओळखत होते की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी हात जोडले.

"आपल्या कुटुंबाच्या दुःखात मी सहभागी आहे," बाबा म्हणाले.

भावाने हात जोडले. मग मीही जोडले.